फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर: आधी गोळी, मग श्वास, मग खोकला, मग चाल

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून पेशंट सोलापूरला घरी येतो आणि मी फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा त्याच्या घरी जाते, तेव्हा बहुतेक वेळा एकच दृश्य असतं. खोलीच्या खिडक्या बंद, पेशंट पाठीवर सपाट आडवा, श्वास ओढण्याच्या व्यायामाचं तीन बॉलचं मशीन (स्पायरोमीटर) पिशवीतून बाहेरच आलेलं नाही आणि दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेली. "आराम सांगितलाय ना ताई," असं घरचे म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेला आराम हा जड उचलण्यापासून, गाडी चालवण्यापासून असतो. फुफ्फुसाला आराम दिला की ते बसतं.

जखम दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. हवा फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचत नाही. तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, त्यांत कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आराम म्हणून झोपवून ठेवलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी तापाने फणफणलेला मी पाहिला आहे. घरच्यांनी जीव तोडून सेवा केली होती, फक्त क्रम उलटा होता.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की छाती उघडून, फुफ्फुसाचा एक भाग काढला की एका बाजूचं अख्खं फुफ्फुस, यावर पुढच्या काही गोष्टी बदलतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून वाचा. कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर कार्डाचं ऐका.

## १. ऑपरेशनच्या आधीचे दिवस

श्वासाचे व्यायाम शिकायची खरी वेळ ही. छातीत टाके असताना, गुंगीत असताना नवीन काही शिकता येत नाही. तारीख मिळाली की त्याच दिवशी मशीन विकत घ्या आणि दुखत नसताना हात बसवा. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. यातला एक काढला तर उरलेल्यांना त्याचं काम उचलायचं असतं, म्हणून आधीपासून रोज चालण्याची सवय लावा.

विडी, सिगारेट, तंबाखू बंद. मिश्रीही बंद. आपल्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही, विशेषतः घरातल्या वयस्कर बायका, म्हणून मुद्दाम सांगते. सोडणं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे. "ऑपरेशनच्या दिवसापासून सोडतो" हा वायदा चालत नाही. जितके दिवस आधी सुटेल तितका ऑपरेशननंतर कफ कमी त्रास देतो.

दात आणि जीभ दिवसातून दोनदा नीट स्वच्छ करा. तोंडातले जंतूच पुढे छातीत उतरतात.

## २. वॉर्डमध्ये: नळी आणि बाटली

छातीत घातलेली नळी खाली पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. फुफ्फुसाभोवती साचलेली हवा आणि रक्तमिश्रित पाणी तिच्यातून बाहेर येतं. नातेवाईक या बाटलीला घाबरतात आणि पेशंटला हलूच देत नाहीत. नळी असतानाही बसायचं असतं, उभं राहायचं असतं आणि नर्स किंवा फिजिओ सोबत असेल तर चालायचंही असतं.

लक्षात ठेवायचं ते इतकंच: बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. पलंगावर ठेवायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही. नळी अंगाखाली दबू द्यायची नाही. नळीला चिमटा लावायचा की नाही हे फक्त स्टाफ ठरवेल.

तपासा: श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होणं आणि खोकल्यावर बुडबुडे येणं दिसलं तर घाबरू नका. हलणारं पाणी अचानक थांबलं, बुडबुडे एकदम खूप वाढले किंवा ताजं लाल रक्त भराभर येऊ लागलं तर लगेच नर्सला बोलवा.

नळी निघाल्यावर त्या जागेतून दोन-चार दिवस पातळ, गुलाबीसर पाणी पाझरू शकतं, खोकल्यावर जरा जास्त. पू किंवा घाण वास असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

## ३. सोलापूरपर्यंतचा प्रवास

निघायच्या आधी दुखण्याची गोळी झालेली हवी. गाडीने येत असाल तर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला. पुण्याहून येताना भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे थांबे सहज जुळतात. एका जागी बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि कॅन्सरच्या पेशंटला तो इतरांहून जास्त. बसल्या जागी पावलं वर-खाली हलवत राहा. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा. पट्टा काढून ठेवू नका.

रेल्वेने आलात तर खालचाच बर्थ हवा. दिवसाच्या गाडीत बसून येणं रात्रभर सपाट झोपून येण्यापेक्षा श्वासाला सोपं जातं. पेशंटच्या हातात पिशवी देऊ नका, हलकी असली तरी.

विमानाने यायचं असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

## ४. घरातली जागा

पलंगावर दोन-तीन उशा उतरत्या लावून पाठ आणि डोकं दोन्ही वर राहील असं करा. नुसत्या डोक्याखाली उशा रचल्या तर मान वाकते, पोट दबतं आणि श्वास आणखी अडतो. पाय खाली सोडून बसता येईल अशी हातांची खुर्ची जवळ ठेवा. दिवसाचा बराच वेळ पेशंट याच खुर्चीत हवा. अख्खं फुफ्फुस काढलं असेल तर कोणत्या कुशीवर झोपायचं हे सर्जनकडून स्पष्ट लिहून घ्या, अंदाजाने नको.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, चुलीचा धूर हे त्या घरातून काही महिने बाहेर. देवापुढे निरांजन लावा, धूप नको. विडी वळण्याचं काम घरात चालत असेल तर पानाचं सूप आणि तंबाखू पेशंटच्या खोलीत येता कामा नये. हे सांगताना मला जड जातं, कारण त्या सुपावरच घर चालतं हे मला ठाऊक आहे. तरी पडवीत, गच्चीवर, शेजारी, कुठेतरी दुसरी जागा शोधा.

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्या. बोलण्यानेही दम लागतो, आणि माणूस संकोचाने "बस आता" म्हणत नाही.

## ५. दुखणं: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

"दुखलं तर घेतो," असं म्हणणारा पेशंट दिवसभर हळूहळू श्वास आखडत नेतो. रात्री दुखणं डोक्यावर चढतं, मग एकदम दोन गोळ्या घेतल्या जातात. दुखण्याची गोळी पहिल्या दिवसांत घड्याळाप्रमाणे घ्यायची असते, दुखो वा न दुखो. कार्डावर दिवसातून तीन वेळा लिहिलं असेल तर तीन वेळा. कमी कधी करायची तेही डॉक्टर सांगतात.

विडी घरकुल वसाहतीतल्या एका मावशींनी मला सांगितलं, "ताई, गोळीची सवय लागते म्हणून मी दातओठ खाऊन सहन करते." ही भीती घरोघर आहे. ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरवून दिलेले दिवस घेतल्याने सहसा सवय लागत नाही. सहन केल्याने मात्र कफ साचतो.

क्रम असा:

१. काहीतरी खाऊन गोळी घ्या.
२. अर्धा ते पाऊण तास थांबा.
३. मग श्वासाचे व्यायाम, मग खोकला, मग चालणं.

गोळीच्या आधी व्यायाम केला की दुखतं, मग पेशंट दुसऱ्यांदा करायला तयार होत नाही. बहुतेक घरांत व्यायाम सुटतो तो याच कारणाने.

तपासा: "दुखतंय का?" असं विचारू नका. बसून राहिलं की कुणालाच फारसं दुखत नाही. "खोल श्वास घेताना, खोकताना किती दुखतं, दहापैकी सांगा," असं विचारा. उत्तर सात-आठ येत असेल तर गोळ्या पुरत नाहीत. डॉक्टरांना फोन करा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने दुसरी गोळी आणू नका.

छातीच्या कडेला, स्तनाखाली बधिरपणा, आग होणं, मुंग्या, साडीचा काठ लागला तरी चटका बसल्यासारखं वाटणं, हे दुखणं वेगळं. बरगड्यांमधून जाणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, संवेदनेच्या) ऑपरेशनमध्ये ताणल्या जातात, म्हणून ते होतं. साध्या गोळीने ते कमी होत नाही, त्यासाठी शिरांची वेगळी औषधं असतात. डॉक्टरांना "आग होते" या शब्दांतच सांगा, नुसतं "दुखतं" म्हणू नका. आतले कपडे सैल आणि सुती घाला.

सावध: बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. कातडीला कळतच नाही आणि भाजून फोड येतात. जखमेवर हळद, तेल, बाम, लेप काहीही नको.

काही वेदनाशामकांनी शौचाला खडा होतो. कुंथताना छातीवर जोर येतो. पाणी आणि ताक पुरेसं प्या. तरी साफ होत नसेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, चार दिवस वाट पाहू नका.

## ६. श्वास

मशीन पिशवीतून काढा. पहिली चूक इथे होते: माणसं त्यात फुंकतात. हे मशीन ओढायचं असतं, फुंकायचं नाही.

१. खुर्चीत ताठ बसा, पावलं जमिनीला टेकलेली. मशीन डोळ्यांसमोर उभं धरा. तिरकं धरलं तर बॉल खोटं सांगतात.
२. आधी तोंडाने सावकाश श्वास बाहेर सोडा.
३. नळी ओठांत घट्ट धरा. घट्ट लस्सी नळीने ओढावी तसा श्वास हळूहळू आत ओढा. खांदे वर जाऊ देऊ नका, पोट आणि खालच्या बरगड्या बाहेर आल्या पाहिजेत.
४. पहिला बॉल वर तरंगत ठेवता येईल तितका ठेवा. शेवटी तीन आकडे मोजेपर्यंत श्वास धरा.
५. नळी काढून आरामात श्वास सोडा. दोन-तीन साधे श्वास घ्या, मग पुढचा.

असे एका वेळी १०, पाच-पाच करून मध्ये विश्रांती घेऊन. जागे असाल तोवर दर तासाला. सकाळी एकदम पन्नास करून दिवसभर सुटका करून घेता येत नाही, कारण पिशव्या तासाभरात पुन्हा मिटू लागतात.

मशीनवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. घरचे पेशंटला तिन्ही बॉल उडवायला लावतात, अगदी शर्यत लावतात. झटका मारून तिन्ही उडवलेले बॉल काही कामाचे नाहीत. एकच बॉल, सावकाश आणि जास्त वेळ, यानेच हवा तळाशी पोचते. चक्कर आली, हातापायाला मुंग्या आल्या तर थांबा, तुम्ही घाई करत आहात.

एका बाजूचे टाके दुखतात म्हणून त्या बाजूची बरगडी हलतच नाही, असंही होतं. तिथे स्वतःचा तळहात अलगद ठेवा आणि श्वासाने तो हात बाहेर ढकलायचा प्रयत्न करा. हाताखाली हालचाल जाणवली की जमलं.

सावध: फुगे फुगवणं, शंख फुंकणं, कपालभाती, भस्त्रिका, कुंभक हे सगळं सर्जनच्या परवानगीपर्यंत बंद. आतल्या शिवणीवर जोर येतो. योगवर्गातल्या ओळखीच्या माणसाचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी त्याने तुमचा एक्स-रे पाहिलेला नाही.

मशीनची तोंडाची नळी रोज साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि ती दुसऱ्या कुणाला देऊ नका. नातवंडं खेळायला घेतात.

## ७. खोकला

श्वासाच्या व्यायामानंतर कफ हलतो, तो त्याच वेळी बाहेर काढायचा. खोकला दाबून ठेवणं आणि टाके उसवतील म्हणून घाबरणं, ही इथली चूक. आधार देऊन खोकलात तर टाके उसवत नाहीत.

आधारासाठी हॉस्पिटलवाले उशी सांगतात. मी आपली सोलापुरी चादर सुचवते. उशी दाबली की चपटी होते. चादरीची वीतभर रुंद घट्ट घडी हाताखाली टिकून राहते आणि धुतलीही जाते.

१. पुढे किंचित झुकून बसा. घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, किंवा दुसऱ्या बाजूच्या हाताने, घट्ट दाबा.
२. दोन-तीन खोल श्वास.
३. तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा "हाऽ" करून श्वास जोरात बाहेर. असं दोनदा. कफ घशाजवळ आल्याचं कळतं.
४. आता घडी दाबूनच एक-दोनदा खोका. थुंका. गिळू नका.
५. थांबा, साधे श्वास घ्या. अजून खरखर असेल तर पुन्हा एक फेरी.

लागोपाठ कोरडं खोकत राहिल्याने घसा सोलतो आणि दम जातो, कफ तिथेच राहतो.

तपासा: कफ पांढरा किंवा पारदर्शक ठीक. सुरुवातीला जुन्या रक्ताची तपकिरी रेघ दिसू शकते. पिवळा-हिरवा, घट्ट, वास येणारा कफ दिसला तर डॉक्टरांना कळवा. ताजं लाल रक्त दिसलं तर वाट न पाहता १०८ किंवा हॉस्पिटल.

कफ नसतानाही कोरडा खोकला काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. बोलताना, हसताना, गार हवा लागली की उबळ येते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोरडी खाल्ली की हमखास येते. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करा, चटणीत दही घाला. दही-केळ्याने कफ होतो म्हणून पेशंटचं निम्मं जेवण बंद करणारी घरं मी पाहते. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दही, शेंगदाणे चालू ठेवा. एका वेळी थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. भरलेलं पोट श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं.

## ८. खांदा

याची आठवण कुणालाच राहत नाही. दुखतं म्हणून पेशंट त्या बाजूचा हात पोटाशी धरून ठेवतो आणि दीड महिन्यात खांदा आखडतो. मग केस विंचरता येत नाहीत, सदऱ्यात हात जात नाही.

भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढा. ताण जाणवेल तिथे पाच आकडे थांबा, उतरा. पाच वेळा, दिवसातून तीनदा. अशोक चौकाजवळ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका काकांनी रोज जिथवर बोट गेलं तिथे शिवणाच्या खडूने रेघ मारली होती. पहिली रेघ छातीच्या उंचीला, शेवटची दाराच्या चौकटीच्या वर. मधल्या चार दिवसांत रेघा एकाच जागी एकमेकींवर पडलेल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, त्या दिवसांत गोळी संपली होती.

हात उचलणं चालेल, वजन उचलणं नाही. छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर साधारण सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलू नका. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरात धांदल, आणि त्या दिवशी "एवढी एकच घागर" म्हणून पेशंट उठतोच. त्या दिवशी पाणी भरायला दुसरं माणूस आधीच ठरवून ठेवा.

## ९. चाल

पहिल्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जमलं की रोज एक-दोन मिनिटं वाढवा. सपाट जागा हवी: आपली गल्ली, पुढे जमेल तेव्हा सिद्धेश्वर तलावाचा काठ. उन्हाळ्यात इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच बाहेर पडा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याच्या (जत्रेच्या) गर्दीत आणि धुळीत या पेशंटला नेऊ नका.

चालताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला दम लागत असेल तर वेग कमी करा. अजिबात दम लागत नसेल तर थोडा वाढवा, कारण किंचित दम लागल्याशिवाय ताकद येत नाही.

जिना चढताना पाऊल उचलण्याआधी श्वास घ्या, चढताना सोडा. श्वास रोखून चढू नका.

दम लागलाच तर पलंगाकडे धावू नका, आडवं झाल्याने श्वास आणखी कोंडतो. जिथे असाल तिथे बसा, कोपर मांड्यांवर टेकून पुढे झुका. नाकाने दोन आकडे श्वास आत, गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून चार आकडे बाहेर. घरच्यांनी घोळका करून उभं राहू नये, एकाने चेहऱ्यावर पंख्याचा वारा द्यावा. बहुतेक वेळा काही मिनिटांत श्वास खाली येतो.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर नेलपॉलिश, मेंदी नसलेलं आणि कोमट बोट वापरा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तुमच्या पेशंटसाठी खालची मर्यादा किती, हा आकडा डॉक्टरांकडून घेऊन भिंतीवर लिहा. दिवसातून दोनदा आणि दम लागल्यावर पाहणं पुरे. दर पाच मिनिटांनी बघत बसल्याने फक्त घाबरगुंडी वाढते.

## वाट न पाहता हॉस्पिटल कधी गाठायचं

पुढीलपैकी काही झालं तर फिजिओची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या:

- बसल्या जागी अचानक वाढलेला दम किंवा छातीत कळ
- ओठ, नखं निळसर होणं
- ऑक्सिजन ठरलेल्या मर्यादेखाली जाऊन वर न येणं
- खोकल्यातून ताजं रक्त
- एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं
- छाती धडधडणं, नाडी एकदम वेडीवाकडी लागणं
- छाती-मानेची कातडी फुगणं, दाबल्यावर कुरकुर वाजणं
- अख्खं फुफ्फुस काढलेल्या पेशंटला अचानक खूप पातळ पाणी खोकल्यातून येणं

ताप १००.४ च्या वर गेला, जखम लाल होऊन पाझरू लागली, पाणी पिताना ठसका लागून आवाज बसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

## कामावर परत

दुर्बिणीतून झालं असेल तर साधारण तीन-चार आठवड्यांत हलकं बैठं काम जमू लागतं, छाती उघडून झालं असेल तर दोन-तीन महिने धरा. दुचाकी सर्जनने सांगेपर्यंत नाही, मागे बसूनही नाही. खड्ड्यातला प्रत्येक हादरा बरगडीत जातो.

यंत्रमागावर परतणाऱ्यांना मी नेहमी थोडं थांबवते. शेडमधले सुताचे तंतू आणि धूळ नव्याने सावरलेल्या छातीला सोसत नाहीत. मालकाशी बोलून काही दिवस घडी, पॅकिंग, हिशेब असं शेडबाहेरचं काम मागा. ते मिळालं नाही तर निदान नीट बसणारा मास्क, आणि पाळीच्या मध्ये दोनदा बाहेर येऊन दहा खोल श्वास.

फेरतपासणीला जाताना एक वही न्या. रोज किती मिनिटं चाललात, खोकताना दुखणं दहापैकी किती, कोणती गोळी कधी चुकली, कफाचा रंग, आणि "आग होते" ती जागा कुठली. ओपीडीत वेळ कमी असतो आणि डॉक्टरांसमोर पेशंट "बरं आहे" एवढंच बोलतो. वही डॉक्टरांच्या हातात द्या.